मोरपंखीची भिंतीकडची बाजू

नसीम, तुझी मोरपंखी माझ्या दारात येऊन आज नववा दिवस आहे, आणि अजून आमचं दोघींचं पटलेलं नाही. मी सकाळी चहा घेऊन तिच्यापुढे खुर्ची टाकते. पाणी द्यावं म्हटलं तर तुझा आवाज येतो, "अवं, आधी माती तं पाह्य." न द्यावं तर वाटतं, या उन्हात वाळली तर अख्खी कॉलनी म्हणेल, नसीमच्या मागं हिला एक झाड जगवता आलं नाही. कमरेएवढं झाड. त्याच्या वर कधी जायचंच नाही अशी बुटकी जात. बाराही महिने हिरवं, ना फूल ना फळ. तेवढ्यासाठी माझ्या जिवाला घोर लावून गेलीस.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग काय करू? आदल्या संध्याकाळी भिंतीवरून तूच म्हणालीस, "सकाळी तुझी चाळणी आणजो, कुंडीतली वाळू बदलू." मी सकाळी चाळणी घेऊन आले तर तुमच्या फाटकात माणसं जमलेली. दुपारपर्यंत मी ती चाळणी हातात धरूनच तुमच्या अंगणात उभी होते, हे मला नंतर आमच्या ह्यांनी सांगितलं. तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे. तोवर मला दम निघत नाही, म्हणून आत्ताच भांडून घेते.

भांडायला सुरुवातीपासूनच सुरुवात करायला हवी. अठरा वर्षांपूर्वी आपण दोघी ऊर्जानगरला या क्वार्टरांत नवीनच आलो होतो. मधे कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीशी एक दिवस रोपांचा हातगाडीवाला येऊन थांबला. त्याच्याकडे मोरपंखीची दोनच रोपं उरली होती. "जोडीनं लावा बाई, एकटी राहत नाई ते," असं तो सांगत होता. तू म्हणालीस, "मग एक इकडं लावू, एक तिकडं. भिंत काय, उंदीर बी उडी मारून जाते." आपली तर नीट ओळखही झाली नव्हती. जोडी फोडली तू आणि वर मला विचारलंसही नाही. मला आवडलं होतं ते, पण हेही तुला कधी सांगितलेलं नाही.

माझं रोप मी जमिनीत लावलं. काळी चिकट माती, आणि मी सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी ओतायची. तू भिंतीवर कोपर टेकवून म्हणायचीस, "तिले बुडवून राह्यली तू. तहान लागू दे, मंग दे." तुझं रोप कुंडीत. तळाला विटांचे तुकडे, त्यावर माती, वाळू आणि जुनं शेणखत. एप्रिल लागला की तू त्यावर हिरवी जाळी बांधायचीस आणि मृग लागल्याशिवाय सोडायची नाहीस. माझी मोरपंखी पहिल्याच उन्हाळ्यात खालून तपकिरी पडत पडत गेली. मला वाटलं, तू समजुतीचं काही बोलशील. तू भिंतीवरून वाकून मुळं बघितलीस आणि म्हणालीस, "सडली. सांगतलं होतं." मग ते तू दूधवाल्याला सांगितलंस, पलीकडच्या ओळीतल्या बायकांना सांगितलंस, माझ्या सासूबाई आल्या तेव्हा त्यांनाही सांगितलंस.

तुझी मात्र वाढत होती. म्हणजे उंच होत नव्हती, भरत होती. आपल्याकडे वीजकेंद्राची राख पानांवर बसते, कपड्यांवर बसते, वाळत घातलेल्या पापडांवर बसते. तू रोज सकाळी ऊन चढायच्या आत फवाऱ्यानं ती धुवायचीस. एक एक पंख हातात धरून, पोरीचे केस विंचरावेत तशी. उन्हाळ्यात आतून किडीचं जाळं धरलं की लिंबोळीचं पाणी मारायचीस. शाळेतल्या पोरांचा तुला राग यायचा, कारण या झाडाला ती विद्या म्हणतात आणि पुस्तकात ठेवायला डहाळी तोडतात. मी शाळेच्या ग्रंथालयात. परत आलेल्या पुस्तकांतून चपटी झालेली मोरपंखी निघाली की तू मला वर्गाचं नाव विचारायचीस. जणू मीच तोडून पुस्तकात घातली.

आता खरं ते सांगते. मला तुझ्या झाडाचा हेवा वाटायचा. जोडीतलं एक मी मारलं आणि दुसरं तुझ्या हाताखाली असं गुबगुबीत झालं, हे मला रोज भिंतीपलीकडे दिसायचं. सात वर्षं दिसत होतं. त्यात तू त्या एप्रिलअखेर सिरोंच्याला माहेरी निघालीस आणि झाड माझ्यावर सोपवलंस. सोपवलंस कसलं, तंबी दिलीस. दोन दिवसांआड पाणी, तेही बोट घालून बघून. जाळी काढायची नाही. राख धुवायची. "आन हात लावू नोको तिले, धुवाच्या शिवाय." एसटीच्या खिडकीतूनसुद्धा तू मला बोट दाखवलंस.

आठ दिवस मी सगळं नीट केलं. नवव्या दिवशी मला बुद्धी सुचली. कॉलनीच्या अतिथिगृहासमोर मोरपंखी कशी चेंडूसारखी गोल कापलेली असते, तशी ही करू, आल्यावर नसीम चकित होईल. मी घरातली मोठी कात्री आणली. एका बाजूनं थोडं कापलं, मग दुसरी बाजू मोठी दिसायला लागली म्हणून तिथं कापलं, मग पहिली पुन्हा मोठी दिसली. कापताना मला बरं वाटत होतं, नसीम. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या झाडाला माझाही हात लागला पाहिजे असं काहीतरी होतं मनात. आणि मग एका बाजूनं कात्री खोल गेली. हिरवं संपलं आणि आत नुसत्या काड्या दिसायला लागल्या, ताटाएवढ्या जागेत. मला वाटलं, फुटेल पावसाळ्यात. तेव्हा मला माहीत नव्हतं की या झाडाच्या जुन्या लाकडाला फुटवा येत नाही. जिथं हिरवं गेलं, तिथं गेलं.

तू परत आलीस, पिशव्या ओट्यावर टाकल्यास आणि पाणी पिण्याआधी झाडाकडे गेलीस. मी भिंतीशी उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, "बकरी घुसली वं नसीम. मी शाळेत गेली होती." वस्तीतल्या बकऱ्या कॉलनीत येतातच, त्यामुळे तसं खपण्यासारखं होतं. तू खाली बसलीस. एक एक काडी अंगठ्यानं चाचपून बघितलीस. बराच वेळ लावलास. मग मान वर न करता विचारलंस, "कोणती बकरी?"

तिथंच मी खरं सांगायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "काळी. कान पांढरे होते."

"पांढरे कान," तू म्हणालीस. "बरं."

तुझ्यासारख्या बाईनं, जी मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी अर्धा तास वाद घालते, तिनं एवढ्यावर "बरं" म्हणावं? तेव्हाच मला कळायला हवं होतं. बकरी ओढून खाते, टोकं फाटतात. कात्रीचं टोक तिरपं आणि स्वच्छ असतं. तू दिवसभर शिवणयंत्रावर बसणारी, कॉलनीतल्या अर्ध्या बायकांची ब्लाउजं तुझ्या हातची. कात्रीचा काप तुला ओळखू येणार नाही, असं समजणारी मीच ती हुशार.

त्या दिवसापासून ती बकरी आपल्या दोघींच्या मधे राहायला आली. तू शिव्या बकरीला द्यायचीस आणि बघायचीस माझ्याकडे. दूध नासलं तर पांढऱ्या कानाचीनं तोंड घातलं असेल. माझी शाळेची बस चुकली तर "पांढऱ्या कानाची आडवी गेली असन." बकरी ईदला तुझा डबा यायचा, वर झाकणाला हात लावून तू सांगायचीस, "यंदा बी पांढऱ्या कानाची नाई भेटली, मंदा. शोधून राह्यलो आम्ही." आमचे हे पोट धरून हसायचे, त्यांना वाटायचं हा नुसता विनोद आहे. मी मान खाली घालून रस्सा ओरपायची. तुझी शबाना तेव्हा नऊ वर्षांची. ती बिचारी कॉलनीच्या रस्त्यानं पांढऱ्या कानाची बकरी दिसली की दगड घेऊन धावायची, आणि तू फाटकात उभी राहून बघायचीस. एका शब्दानं थांबवलं नाहीस तिला.

आणि कुंडीचं काय केलंस? ती बोडकी बाजू भिंतीकडे केलीस. मला ग्रंथालयातल्या बागेच्या पुस्तकात सापडलं होतं की कुंडी दर आठवड्याला पाव वळसा फिरवावी, म्हणजे चारी बाजूंना सारखा उजेड मिळतो आणि झाड एकीकडे झुकत नाही. मी ते पान तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "ते काय लगनातली पोरगी आहे, फेरे घ्याले?" मी म्हटलं, अंधारात ठेवलेली बाजू कधीच भरून येणार नाही. तू म्हणालीस, "तुले काऊन इतकी पडली तिची?"

मग मी संध्याकाळी दूध आणायला जाताना कुंडी फिरवायची आणि तू सकाळी परत फिरवायचीस. सिमेंटची कुंडी, तिचा घसटण्याचा आवाज दोन्ही घरांत जायचा. शेवटी तुझा नवराच, रफिकभाऊ, वैतागले. टर्बाइनवरचे फिटर ते, त्यांनी भंगारातलं एक जुनं बेअरिंग आणलं, त्यावर लोखंडी पाट बसवला आणि कुंडी त्यावर ठेवली. म्हणाले, "घ्या. आता एका बोटानं फिरवा आन माझ्या डोक्याले शांती द्या." शांती कुठली मिळते. आता तर भांडण सोपं झालं. मी जाता जाता एक धक्का द्यायची, तू येता येता एक. किती वर्षं चाललं हे, आणि एकदाही तू सरळ सांगितलं नाहीस की तू ती बाजू का लपवतेस.

ते मला कळलं बागेच्या स्पर्धेच्या दिवशी, चार वर्षांपूर्वी. कॉलनीची स्पर्धा होती, परीक्षक बाहेरगावचे एक साहेब. तुझ्या अंगणात आले, मोरपंखी बघून खूश झाले. "या हवेत एवढी राखलीत बाई, कमाल आहे." तू अशी फुगलीस की बघायला नको. मी भिंतीच्या अलीकडे उभी. मग त्यांना पाट दिसला आणि त्यांनी गंमत म्हणून कुंडी फिरवली. बोडकी बाजू समोर आली. साहेब वाकले, चष्मा वर केला. "हे काय झालं?"

तू म्हणालीस, "बकरीनं खाल्लं, साहेब."

"बकरी एवढं सरळ खात नाही. ही कात्री आहे. कुणी केलं हे?"

तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "आमच्या इथली बकरी शिकेल आहे, साहेब. शाळेत जाते."

सगळे हसले. साहेबही हसले आणि पुढच्या घराकडे गेले. तुला तिसरा नंबर मिळाला. ती बाजू नसती तर पहिलाच होता, हे तिथं उभ्या प्रत्येकाला कळत होतं. मी "थांबा साहेब, मी केलं" एवढे चार शब्द बोलले असते तर काय झालं असतं? नंबर काही बदलला नसता. पण तू एकटी हसतेस आणि मी भिंतीआड गप्प, असं तरी झालं नसतं. मी आत गेले आणि कारण नसताना भांडी घासली.

त्यानंतर तू कुंडी कोपऱ्यात नेलीस, दोन्ही भिंती जिथं मिळतात तिथं, आणि पाटाखाली विटेचा तुकडा सारलास म्हणजे फिरायला नको. मीही फिरवायला गेले नाही. त्या बाजूकडे बघायची माझी हिंमतच गेली.

आता तू म्हणशील, मग बोलली काऊन नाई? नसीम, मी बोलायला आले होते. एकदा नाही, चांगली तीनदा. ब्लाउजचं अस्तर आणायला आपण चंद्रपूरला निघालो होतो, बसमध्ये मी सुरुवात केली, "नसीम, त्या झाडाचं मला तुला..." तू लगेच, "अस्तर सुती घ्याचं का दुसरं?" दुसऱ्यांदा तुमच्या ओट्यावर, शबाना शिकायला नागपूरला गेली त्या दिवशी. तू रडत होतीस, मला वाटलं आज सगळं मोकळं करून टाकावं. तू पदर झटकून उठलीस, "चाल, चहा ठेवते." तिसऱ्यांदा तर मी "बकरी" एवढाच शब्द उच्चारला आणि तू म्हणालीस, "तिले काऊन त्रास देऊन राह्यली, जाऊ दे तिले." मला तेव्हा राग आला. माफ करायचं तर तोंडानं कर ना बाई. मला म्हणू तर दे. माझं ओझं माझ्या खांद्यावरून उतरवायला मला स्वतःला काही करू देशील की नाही? तू ते परस्पर उतरवलंस आणि मला तसंच वाकलेलं ठेवलंस.

आता रफिकभाऊ या महिनाअखेर निवृत्त होताहेत. क्वार्टर सोडायचं. भद्रावतीला भावाच्या घरी जायचं ठरलं आहे, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, कुंडीला जागा नाही. ते भिंतीशी आले आणि म्हणाले, "बाई, तिची मोरपंखी तुम्ही ठेवा. जोडीतलं दुसरं तुमच्याच घरी होतं." मी हो म्हटलं नाही. म्हटलं, बघते. त्यांना वाटलं, मी पाण्याच्या त्रासाला कंटाळतेय. कसं सांगू त्यांना, की ज्या झाडावर मी कात्री चालवली आणि वर खोटं बोलले, ते तुझ्या माणसाच्या हातून बक्षीस म्हणून घ्यायचं मला जड जातंय.

तरी बघायला म्हणून गेले. शबाना सामान बांधायला आली होती, ती आत होती. मी कोपऱ्यात गेले, विटेचा तुकडा पायानं सारला आणि कुंडी फिरवली. बेअरिंग गंजलं होतं, दोन्ही हात लावावे लागले. चार वर्षांनी ती बाजू उजेडात आली.

ताटाएवढी जागा आता तळहाताएवढी राहिली होती. काड्यांना काही फुटलं नव्हतं, ते फुटणारच नव्हतं. आजूबाजूच्या हिरव्या फांद्या तू ओढून त्या जागेवर आणल्या होत्यास आणि कापडाच्या पट्ट्यांनी बांधल्या होत्यास. सैल, फांदीला काचू नये अशा. मी एक पट्टी बोटांत धरली. पोपटी, भाचीच्या लग्नातल्या माझ्या ब्लाउजची. दुसरी जांभळी, मागच्या दिवाळीची. तिसरी आमसुली, ज्याच्या बाह्या तू मला न विचारता आखूड केल्या होत्यास आणि मी आठवडाभर बोलले नव्हते. सगळी माझीच उरलेली कापडं. एक मोहरीच्या रंगाची. ते ब्लाउज तर अजून माझ्या हातातही आलेलं नाही, कापड मी तुला तू गेलीस त्याच आठवड्यात दिलं होतं.

मी तिथंच खाली बसले. आधी काय वाटलं सांगू? संताप. हे काम दोन हातांचं नाही, नसीम. एकीनं फांदी वाकवून धरायची, दुसरीनं बांधायचं. एकटीनं करायचं तर फांदी दातात धरावी लागत असेल नाहीतर गुडघ्यानं दाबावी लागत असेल, भिंत आणि कुंडीच्या बोळकांडीत शिरून, या वयात, त्या गुडघ्यांनी. आणि मी हाकेच्या अंतरावर. भिंतीपलीकडे तांदूळ निवडत असेन नाहीतर पेपर वाचत असेन. एक हाक मारायची होतीस. "मंदा, ये वं जरा, फांदी धर." मी आले असते. पण मग मला ती जागा बघावी लागली असती आणि तुझ्यासमोर तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून तू हाक मारली नाहीस. माझी लाज राखायला चार वर्षं एकटी बोळात शिरत राहिलीस. असं कुणी करतं का? याला काय म्हणावं मला कळत नाही. मैत्री म्हणावी तर राग येतो, आणि दुसरं काही म्हणवत नाही.

शबाना बाहेर आली. हातात मोहरी रंगाचं ब्लाउज. "मौसी, हे तुमचं आहे ना? मशीनवर होतं. एक बाही लागाची राह्यली." तिनं मला खाली बसलेलं बघितलं आणि थांबली.

मी म्हणाले, "शबाना, हे बकरीनं नाई खाल्लं. मी कापलं होतं."

"पांढऱ्या कानाचीनं नाई?"

"तशी बकरीच नव्हती."

ती माझ्याशेजारी बसली. ब्लाउजची घडी घालत राहिली, घातलेली उलगडून पुन्हा घातली. "मौसी, मी सहावीपर्यंत बकऱ्याइले दगडं मारले. अम्मी समोर उभी राहून पाहे."

"मले माहीत आहे."

"अम्मीले मालूम होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

यावर ती हसायला लागली. अगदी तुझ्यासारखी, खांदे हलवून, आवाज न करता. हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. मग तिनं डोळे पुसले आणि सरळ विचारलं, "मग तुम्ही तिले सांगतलं काऊन नाई?"

बसमधलं सांगावं, चहाचं सांगावं, तुझ्यावर ढकलावं असं मनात आलं. मी तिला म्हटलं, "सांगणार होती." शबानानं माझा हात धरला. तुझी पोरगी चांगली आहे, नसीम. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही.

नंतर आम्ही दोघींनी एक फांदी बांधली. ती वाकवून धरत होती, मी गाठ मारत होते. पाच मिनिटांचं काम होतं. बघ, दोघी असल्या की पाच मिनिटांचं.

संध्याकाळी मी रफिकभाऊंनाही सांगितलं. ते म्हणाले, "बाई, ते तं मले बी माहीत होतं. बेअरिंग काऊन लावून देल्लं मंग?" म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. अकरा वर्षं मी जे झाकून ठेवलं ते भिंतीपलीकडे मोठ्या माणसांत उघडंच होतं, आणि तुम्ही नवरा-बायको माझ्याशी रोज हसून बोलत होतात. मला तुम्हा दोघांचाही राग आला. झाड मात्र मी त्याच वेळी घेते म्हणून सांगितलं.

तर ते आता माझ्या अंगणात आहे, पाटासकट. बेअरिंगला ह्यांनी तेल घातलं, एका बोटानं फिरतं पहिल्यासारखं. विटेचा तुकडा मी आणला नाही. जाळी बांधली आहे, माती बोटानं बघते, राख धुते. वाळूही बदलली, आपल्या त्या चाळणीनं चाळून. आणि बोडकी बाजू मी रस्त्याकडे केली आहे. उजेड तिकडून येतो. भरून यायची असेल तर ती उजेडातच येईल, हे मी तुला किती वर्षांपासून सांगतेय. येणारे-जाणारे थांबतात. परवा दूधवाल्यानं विचारलं, "मंदाबाई, ह्या बाजूले काय झालं?" मी म्हटलं, "मी कापली होती. अक्कल नव्हती." त्यानं मान हलवली आणि माप भरलं. एवढंच. एवढंसं होतं ते, नसीम.

सकाळी दार उघडलं की मी आधी कुंडीकडे बघते. सवय जात नाही. आज नऊ दिवस झाले. मी फिरवून ठेवली तशीच आहे.